खिडकीतलं टेबल

"मोडलं तर माझ्या नावावर," शिवणताई म्हणाल्या, "पण हात तुमचाच लागला पाहिजे."

खुर्चीत बसलेल्या नर्सबाईंनी टेबलावरच्या माऊसकडे गरम तव्याकडे पाहावं तसं पाहिलं. दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचणारी बाई, पण प्लास्टिकच्या त्या एवढ्याशा तुकड्याला हात लावायचा म्हटल्यावर तिची बोटं आखडली होती. मागे उभा असलेला तिचा नवरा दोनदा "हो बाजूला, मी दाखवतो" म्हणत पुढे झाला, आणि दोन्ही वेळा शिवणताईंनी त्याला नुसत्या नजरेने जागच्या जागी उभं केलं. त्या स्वतः खुर्चीच्या बाजूला उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून. ही त्यांची फार जुनी सवय. शिकणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं तर हात मागे बांधायचे. मोकळे सोडले तर ते आपोआप पुढे जातात आणि शिकणाऱ्याचं काम स्वतःच उरकून टाकतात.

नर्सबाईंची अडचण त्यांनी आधीच विचारून घेतली होती. वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसच्या पाळ्यांचा तक्ता दर आठवड्याला या बाईंनाच करावा लागे. पट्टी आणि पेन्सिल घेऊन घरी जेवणाच्या टेबलावर बसायचं, आणि सगळं जुळत आलं की कुणाची तरी सासू आजारी पडायची. मग खोडायचं, पुन्हा मांडायचं, आणि खोडून खोडून कागदाला भोक पडलं की नवा कागद घ्यायचा.

"आमच्याकडे पेशंटपेक्षा नर्सेसच्या सासवाच जास्त आजारी असतात," बाई म्हणाल्या होत्या, आणि हिला काय दाखवायचं ते शिवणताईंना तेवढ्यावरून कळलं होतं.

तासाभराने स्क्रीनवर एक लहानसा तक्ता उभा राहिला. रकाने जरा वाकडेतिकडे, नावं कुठे लहान कुठे मोठी, पण तक्ता खरा. एकीची पाळी बदलली, की दुसरीकडे जिथे माणूस कमी पडत असेल तो रकाना लाल व्हायचा. बाईंनी ती एकच पाळी मुद्दाम बदलून, परत आणून, पुन्हा बदलून पाहिली आणि दर वेळी लाल झालं की लहान मुलीसारख्या नवऱ्याकडे वळून बघत राहिल्या. मग प्रिंटरमधून कागद बाहेर आला. शिवणताईंनी त्याला हात लावला नाही.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही केलाय, तुमचा आहे."

कागद अजून कोमट होता. बाईंनी तो घडी न घालता दोन्ही हातांत धरून नेला. दारातून बाहेर पडताना नवरा म्हणाला, "विचार करून येतो."

त्या दुकानाच्या पाटीवर 'संगणक' हा शब्द ठळक होता, पण सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्याच्याखालून 'शिवणयंत्रे' ही जुनी अक्षरं अजून डोकावायची. शिवणताईंचंही तसंच होतं. त्या मूळच्या शिवणयंत्रांच्या. मोठ्या मालकांच्या काळात, अगदी तरुण वयात त्या इथे लागल्या होत्या, गिऱ्हाइकांना यंत्र चालवून दाखवायला. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की आपण भराभर सुबक शिवून दाखवलं की बायका "वा" म्हणतात आणि धास्ती घेऊन घरी जातात. मग त्यांनी चालवून दाखवणं सोडलं. बाईलाच यंत्रावर बसवायचं. पायडलवर तिचे पाय, कापडावर तिचे हात. टीप वाकडी गेली तरी चालेल, पण एक खिसा पुरा करायचा आणि तो घरी न्यायचा. आसपासच्या कितीतरी घरांत असे वाकड्या टिपेचे, कशालाच न जोडलेले खिसे वर्षानुवर्षं कपाटात पडून होते. टाकून द्यायला कुणाचं मन होत नसे. मोठे मालक म्हणायचे, आपण यंत्र विकत नाही, शिवण विकतो. यंत्र काय, लोखंड आहे.

पुढे तयार कपड्यांचे दिवस आले, यंत्रं खपेनाशी झाली, आणि मोठ्या मालकांनी डोळे मिटण्याआधी दुकान बदललं. बाकीची माणसं पांगली. शिवणताई राहिल्या आणि त्यांचं टेबल राहिलं. रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला लागून, जाणाऱ्यायेणाऱ्याला बसलेला माणूस आणि त्याचं चाललेलं काम दोन्ही दिसेल असं. टेबलावरचं यंत्र तेवढं बदललं आणि खिशाच्या जागी कागद आला. हे नवं काम त्या दुपारी दुकान सुस्तावलं की शिकल्या, एकेक प्रोग्रॅम उघडून, चुकत, पुसत, पुन्हा करत. नाव मात्र जुनंच चिकटून राहिलं. नवखं गिऱ्हाईक विचारायचं, कॉम्प्युटरच्या दुकानात शिवणताई कशा काय? त्या म्हणायच्या, "इथेही टाकेच घालायचे. दोरा दिसत नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या मालकांनी त्यांना काउंटरपाशी बोलावलं. मोठ्या मालकांचा हा एकुलता एक मुलगा. गिऱ्हाइकांसमोर शिवणताई त्याला 'मालक' म्हणत, एरवी 'सोन्या'. शिवणाच्या टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करणारं पोर त्यांनी पाहिलेलं. त्या पोराला आता दाढी आली, तीही अर्धी पांढरी, म्हणून काही नाव बदलत नाही.

"कालच्या नर्सबाई, ताई," तो म्हणाला. "त्यांचा नवरा आत्ता समोरच्या दुकानातून यंत्राचं खोकं घेऊन गेला. मी दारातच उभा होतो. माझ्याकडे बघून हसलासुद्धा."

ही काही पहिली वेळ नव्हती. समोरच्या दुकानात टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती, विचारणारं कुणी नव्हतं. छतापर्यंत खोकी रचलेली आणि दारात एक मुलगा किमती सांगायला. जागेचा आणि माणसांचा खर्च नाही, म्हणून माल स्वस्त. लोक इथे बसून शिकत आणि रस्ता ओलांडून विकत घेत.

"आपण शाळा चालवतोय," सोन्या म्हणाला, "आणि पास झालेली मुलं समोर जातात."

मग त्याने खरी गोष्ट काढली. एका मोठ्या कंपनीचा माणूस येऊन गेला होता. कंपनी एक काचेचं कपाट देणार होती, आतून दिवे असलेलं, फुकट. त्यात तिची नवी यंत्रं मांडायची. अट एकच. कपाट रस्त्याकडच्या खिडकीत हवं आणि खिडकीत दुसरं काही नको. शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या आत, म्हणजे येत्या सोमवारीच ते येणार होतं. टेबलाशेजारी मांडलेली सॉफ्टवेअरची खोकी काउंटरमागे जाणार होती. सोन्याने हे सगळं भरभर, पेनांच्या पेल्याकडे बघत सांगितलं. त्या खोक्यांत असतं काय, तो म्हणाला, एक चकती आणि बाकी हवा. एकजण नेतो आणि सगळी आळी वापरते. दुकान चालतं ते यंत्रांवर. आणि लोक येतात ते स्पीड विचारत, मेमरी विचारत. जे मागतात तेच दर्शनी मांडायला नको का?

"आणि मी?" शिवणताईंनी विचारलं.

"तुम्ही काउंटरला बसा. बिलं, वॉरंटीची कार्डं. बसून काम, पायांनाही बरं."

"माझे पाय मी बघते. टेबल कुठे ठेवणार?"

"मागे जागा कुठंय, ताई?" तो म्हणाला, आणि या वेळी त्याने वर पाहिलं. त्याला रात्री झोप लागली नसावी.

शिवणताई समजावून सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली येई. त्या म्हणाल्या, लोक स्पीड विचारतात, कारण दुसरं काय विचारायचं ते त्यांना ठाऊक नसतं. शिवायचं काय ते ठरलेलं नसलं, की माणूस कात्रीची धार विचारतो. आपण त्याला धारच सांगत बसलो, तर तो कात्री नेईल आणि खुंटीला टांगून ठेवेल. त्याला कापायचं काय आहे ते आधी त्याच्याकडून काढून घ्यायला नको का?

"आणि गाण्याच्या बाई?" सोन्याने विचारलं.

शिवणताईंनी पेनांचा पेला उगाचच सरळ केला.

गाण्याच्या बाई घरी शिकवण्या घेत. त्यांना शिवणताईंनी याच टेबलावर बसवून, आपण लिहिलेलं गाणं वाजवून दाखवणारा प्रोग्रॅम शिकवला होता. बाई हरखून प्रोग्रॅम घेऊन गेल्या. यंत्र घरी होतंच, पण ते जुनं होतं आणि हा भार त्याला पेलवेना. एक सूर वाजायचा, मग यंत्र विचारात पडायचं, मग दुसरा सूर. शिकवणीची पोरं तोंडावर हात ठेवून हसली आणि बाई भरल्या डोळ्यांनी दुकानात आल्या. घरी यंत्र कोणतं आहे, एवढं एकच शिवणताईंनी विचारलं नव्हतं. कापड न बघताच सुई काढून दिली, असं त्या पुढे कितीतरी दिवस स्वतःलाच ऐकवत होत्या.

"यंत्रही लागतंच की, ताई," सोन्या हळू म्हणाला.

"लागतं," त्या म्हणाल्या. "मी कधी नाही म्हटलं?"

सोमवारपर्यंत टेबल जागेवर राहू दे, एवढंच त्यांनी मागितलं. तो लगेच हो म्हणाला, आणि त्यामुळेच त्यांना कळलं की बाकीचं ठरून गेलं आहे.

संध्याकाळी घरी त्यांनी हे वहिनींना सांगितलं. थोरल्या भावाच्या माघारी दोघी नणंद-भावजया त्या दोन खोल्यांत राहत होत्या आणि एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय एकीचाही दिवस मावळत नसे. वहिनी मटार सोलत होत्या.

"बरं झालं, वन्सं," त्या म्हणाल्या. "उभ्या राहून राहून तुमचे घोटे सुजतात आणि कण्हणं मला ऐकावं लागतं. काउंटरला पंखा तरी असेल."

"आहे पंखा."

"अख्ख्या जगाला त्या टेबलावर बसवलंत. घरच्या माणसाला एकदाही नाही."

"तुम्हाला काय करायचंय ते कधी सांगितलंत?"

वहिनींनी खरोखरच विचार केला. मग म्हणाल्या, आपल्याला काहीच करायचं नाही, म्हणून तर आपलं बरं चाललंय. दोघी हसल्या. शिवणताईंनी एक शेंग उचलली, पण सोलली नाही, नुसती बोटांत फिरवत राहिल्या. वहिनींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, सोलली आणि दाणे भांड्यात टाकले.

"बिलं लिहायला कुणीही चालतं, वन्सं," त्या खाली बघत म्हणाल्या. "त्याला तुम्ही कशाला हव्यात, ते मला कळत नाही."

शनिवारी कंपनीचा माणूस खिडकी मोजायला आला. गळ्यात टाय आणि हातात फीत. टेबल तिथे नसल्यासारखा तो त्याच्याभोवती फिरून मोजत होता, आणि मध्येच त्याने विचारलं, "हे सोमवारी नसेल ना?" सोन्या म्हणाला, नसेल. शिवणताई टेबलावरची धूळ पुसत होत्या. त्या पुसत राहिल्या.

त्याच वेळी पेंटरकाका आत आले, मुलीचा हात धरून. पाट्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. या दुकानाची पाटीही त्यांच्याच हातची, शिवणयंत्रांची पहिली आणि तिच्यावरची ही दुसरीसुद्धा. आता त्यांचा उजवा हात कापत होता. मुलगीच बोलत होती. तिने सांगितलं, हल्ली सगळ्या पाट्या छापून येतात. बाबांनाही तसंच करायचंय. दुकानातलं सगळ्यात मोठं यंत्र द्या, त्यांना कमी पडायला नको.

सोन्याने स्पीड सांगितला, मेमरी सांगितली. कंपनीचा माणूस गुडघ्यांवर बसल्या बसल्या आपल्या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या यंत्राची भर घालत होता. पेंटरकाका मान हलवत होते, डॉक्टर अवघड नावं सांगतो तेव्हा हलवतात तशी. शिवणताईंनी दोघांचं पुरतं बोलून होऊ दिलं.

"काका," मग त्यांनी विचारलं, "सगळ्यात अवघड अक्षर कोणतं?"

पेंटरकाकांची मान थांबली. "अ," ते म्हणाले. "अ चुकला की पाटी चुकली. मग पुढे काहीही रंगवा."

"मग अ काढू या. बसा."

ते बसले. "उजेड चांगला आहे इथे," ते म्हणाले, आणि शिवणताईंनी खिडकीकडे न बघता मान डोलावली. त्यांनी हात मागे घेतले. काकांनी माऊस धरला आणि रेघ ओढली. रेघ कसली, करवतीचं पातं. त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा तसंच. तेव्हा त्यांनी हात उचलून खिशात घातला आणि मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

शिवणताई म्हणाल्या, एका दमात ओढायचीच नाही. पाटीवर तुम्ही रंगाआधी खडूचे ठिपके द्यायचात ना? तसेच द्यायचे. वळण जिथे फिरतं तिथे ठिपका. मधली रेघ प्रोग्रॅम ओढतो, आणि ठिपका चुकला तर नंतर सरकवता येतो. हे त्यांनी एकदा सांगितलं, जरा थांबून पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगतानाही पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगितलं. काकांना समजलं होतं, लगेच समजलं होतं. पण बटण दाबायला बोट हललं की हात झटका घेई आणि ठिपका भलतीकडेच पडे. त्यांच्या कपाळावर घाम आला. पाठीमागे शिवणताईंची बोटं एकमेकांत घट्ट रुतली. माऊस हातात घेऊन त्यांनी तो अ चटकन काढून दाखवला असता. पण तो शिवणताईंचा अ झाला असता. याहून पुढची वाट त्यांना माहीत नव्हती.

सोन्या कंपनीच्या माणसाजवळून उठून कधी आत गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तो आला तेव्हा त्याच्या दंडावर जळमट होतं आणि हातात एक चपटं खोकं. वरच्या फळीवर कधीचं पडलेलं, कुणी न मागितलेलं. त्यातून एक काळी, गुळगुळीत पाटी निघाली आणि तिच्यासोबतचं एक पेन. त्याने टेबलाखाली वाकून वायर जोडली, लहानपणी चिंध्या वेचायचा तिथेच.

"माऊस सोडा, काका," तो म्हणाला. "हे धरा. या पाटीवर लिहाल ते तिकडे उमटेल."

काकांनी पेन हातात घेतलं, आणि ब्रश धरतात तसं धरलं. मग सवयीनेच त्यांनी डावा हात टेबलावर आडवा टाकला आणि त्याच्यावर उजवं मनगट टेकवलं. पाट्या रंगवताना पेंटर हाताखाली काठी धरतात, तसं. मनगट स्थिरावलं. पहिला ठिपका पडला. मग दुसरा. तो जरा चुकला, तर त्यांनी तो सरकवला, आणि सरकवता येतो हे पाहून "अरे" एवढंच म्हणाले. ठिपक्याला ठिपका जोडत एक रेघ वळली, फुगली, निमुळती झाली. स्क्रीनवर अ उभा राहिला. कॉम्प्युटरमधल्या तयार अक्षरांतला नव्हे. भरल्या पोटाचा, शेवटी जरा ऐटीत खाली उतरणारा, त्यांच्या हातच्या पाट्यांवर असायचा तसाच.

"हा माझा आहे," काका मुलीला म्हणाले. "पोट बघ त्याचं."

मुलगी स्क्रीनकडे बघत नव्हती, वडिलांच्या हाताकडे बघत होती.

"मला ही पाटी सुचली नसती, सोन्या," शिवणताई म्हणाल्या.

कंपनीच्या माणसाने फितीवरून मान वर केली. "सोन्या?"

दुकानाचे मालक कानांपर्यंत लाल झाले. "ताई मला लहानपणापासून ओळखतात," त्यांनी सांगितलं आणि दंडावरचं जळमट झटकायला घेतलं.

कागद बाहेर आला. काकांनी तो हात लांब करून धरला आणि एक डोळा मिटून पाहिला. मग म्हणाले, हे एवढं चालवायला जे लागेल ते द्या. सोन्याने क्षणभर मोठ्या यंत्राकडे पाहिलं, आणि म्हणाला, त्याला सगळ्यात मोठं नको, मधलं पुरे. पण ही पाटी आणि हा प्रोग्रॅम मात्र हवा. कंपनीच्या माणसाने तोंड जरासं कडू केलं. विचार करून येतो, असं या वेळी कुणी म्हणालं नाही. सामान गाडीत ठेवताना पेंटरकाकांनी समोरच्या दुकानाकडे पाहिलं ते फक्त त्याच्या छापील पाटीकडे, आणि तिथला अ बघून मान हलवली.

ते गेल्यावर कंपनीचा माणूस फीत गुंडाळत म्हणाला, "मग सोमवारी."

सोन्या टेबलाकडे बघत होता. शिवणताई काळ्या पाटीची वायर नीट वळवून ठेवत होत्या. शब्द दिलेला होता, कागदावर सहीही झालेली होती.

"सोमवारी," तो म्हणाला.

कपाट आलं ते सुंदरच होतं. शिवणताई खऱ्याला खरं म्हणणाऱ्या होत्या. आतले दिवे लागले तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबली, काचेला नाक लावून बघू लागली, आणि यंत्रं दागिन्यांसारखी चमकत राहिली. टेबल हलवण्याआधी त्यांनी ते स्वतः पुसलं होतं, खण रिकामा केला होता. खणाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची एक जुनी बॉबीन सापडली. ती त्यांनी पुन्हा तिथेच ठेवली. टेबल गोदामात जाईल अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. पण सोन्याने ते हमालाबरोबर उचललं आणि मागे जिन्याखाली नेलं. तिथली खोकी गायब होती. रविवारी दुकान बंद असताना येऊन त्याने ती एकट्याने कुठे कुठे कोंबली होती.

"उजेड नाही इथे," तो म्हणाला. "दिवा लावून देतो. आणि उठताना डोकं सांभाळा."

"आणि बिलं?"

"तीही बघा. कुणी आलं नाही तर."

रस्त्यावरून आता ते टेबल दिसणार नव्हतं. बसलेला माणूस दिसला की दुसऱ्याला बसावंसं वाटतं, हे शिवणताईंना शिवणाच्या दिवसांपासून माहीत होतं, आणि सोन्यालाही माहीत होतं. शिवणताईंनी खुर्ची टेबलाला लावली, जिन्याच्या पायरीखाली उभं राहून पाहिलं, आणि हात मागे बांधले तर कोपर भिंतीला घासत होतं, म्हणून टेबल थोडं पुढे ओढून घेतलं.

पहिले काही दिवस मागे कुणी फिरकलं नाही. त्यांनी काउंटरला बसून वॉरंटीची कार्डं भरली, सुवाच्य अक्षरात. पंखा होता. घोटे सुजत नव्हते. घरी वहिनींनी विचारलं तर त्या म्हणत, ठीक आहे, आणि वहिनी पुढे काही विचारत नसत. त्यांचे टोमणेही त्या दिवसांत जरा मऊ झाले होते.

मग एका दुपारी नर्सबाई दारात आल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, दिवे पाहिले, टेबल दिसेना, आणि त्या मागे वळल्या. सोन्याने त्यांना ओळखलं होतं. त्यांचा नवरा त्याच्याकडे बघून हसला होता, हेही तो विसरला नव्हता. त्याने त्यांना पायरी उतरू दिली.

"बाई," मग त्याने हाक मारली, "ताई मागे आहेत."

नर्सबाई जिन्याखालच्या खुर्चीत बसल्या, पण मान वर करेनात. हळूहळू सगळं बाहेर आलं. यंत्र घरी नेलं, जोडलं, सुरू केलं, आणि त्यात तक्ता नव्हता. नवऱ्याने सगळीकडे उघडून पाहिलं, समोरच्या दुकानात जाऊन विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, आम्ही डबा विकतो, आत काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. तोवर इकडे पुन्हा दोघींच्या सासवा आजारी पडल्या होत्या.

"मला वाटलं, तो सगळ्यांतच असतो," बाई म्हणाल्या. "यंत्राबरोबर येतो."

"पुष्कळांना तसं वाटतं," शिवणताई म्हणाल्या. आत्तापर्यंत कुठे होतात, हे त्यांनी विचारलं नाही. दुसरंच विचारलं. "यंत्र कोणतं घेतलंत, ते आधी सांगा."

बाईंना ते सांगता येईना. काळं आहे, एवढंच माहीत होतं.

"समोर तो काळा डबा ठेवतात ना, तोच असणार," काउंटरवरून सोन्याचा आवाज आला. "त्याच्यावर चालेल, ताई. चांगलं यंत्र आहे ते."

शिवणताईंनी दिवा लावला, सॉफ्टवेअरचं एक खोकं काढून बाईंच्या समोर ठेवलं, आणि म्हणाल्या, नेण्याआधी तक्ता पुन्हा एकदा करून बघा. बाईंनी या वेळी माऊस न घाबरता धरला.

पुढे काचेच्या कपाटासमोर एक सुतार उभा होता. कानावर पेन्सिल, हाताला भुसा. त्याने मधल्या यंत्राकडे बोट केलं आणि विचारलं, याचा स्पीड किती? सोन्याने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"करायचं काय आहे तुम्हाला?" त्याने विचारलं.

सुतार जरा गोंधळला. मग म्हणाला, कपाटं करतो. लोकांना आधी कागदावर काढून दाखवावी लागतात, आणि प्रत्येकाला बघितल्यावर एक खण जास्तच हवा असतो.

सोन्याने मागे नजर टाकली. जिन्याखालची खुर्ची रिकामी नव्हती. तो काउंटरमागून बाहेर आला, काउंटरच्या कॉम्प्युटरपुढची आपली स्वतःची खुर्ची त्याने बाहेर ओढली आणि सुताराला तिच्यात बसवलं. वॉरंटीची कार्डं बाजूला सारली.

"तुम्हीच दाखवा ना," सुतार म्हणाला. "मला नाही जमायचं."

सोन्याचा हात माऊसकडे गेला. मध्येच थांबला. मग त्याने तो मागे घेतला, दुसराही मागे घेतला, आणि पाठीशी दोन्ही एकमेकांत अडकवून तो खुर्चीच्या बाजूला उभा राहिला.

शिवणताईंनी ते पाहिलं. पण नर्सबाईंचा एक रकाना लाल झाला होता, तेव्हा त्या तिकडे वळल्या.